घाटाखाली अडकल्यावर : मोटारसायकल प्रवासातला अनपेक्षित मुक्काम कसा निभवावा

पावसाळ्यात मोटारसायकलवरून कोकणात किंवा कोकणमार्गे गोव्याला निघालेल्यांना वाटेत अचानक मुक्काम करावा लागणे यात नवल काही नाही. आंबा घाटात दरड कोसळते, नदीचे पाणी रस्त्यावर येते किंवा क्लच केबल तुटते, आणि एका दमात पणजी गाठायची म्हणून निघालेला माणूस राजापुरात किंवा संगमेश्वरात अडकतो. अडकण्यात चूक नसते. चूक होते ती त्यानंतरच्या कामांच्या क्रमात. बहुतेक जण आधी चहा घेतात, मग खोली शोधतात, आंघोळ आणि जेवण उरकतात आणि गाडीकडे दुसऱ्या दिवशी सकाळी वळतात. तोवर स्पेअर पार्ट मागवण्याची वेळ टळून गेलेली असते, ओले कपडे ओलेच राहिलेले असतात आणि एका रात्रीचा मुक्काम तीन रात्रींवर जातो. म्हणून या लेखात कामांचा क्रम हाच मुख्य विषय आहे : आधी निर्णय, मग गाडी, मग खोली, मग स्वतःचे कपडे आणि शरीर, आणि हे सगळे मार्गी लागल्यावर गाव पाहणे. उदाहरणे कोकणातली आणि पावसाळ्यातली आहेत. मात्र यातला बराचसा भाग कोणत्याही ऋतूत आणि कोणत्याही रस्त्यावर उपयोगी पडेल.

टप्पा १ : घरून निघतानाच अडकण्याची तयारी

मुक्कामाचे सामान एका वेगळ्या, लहान आणि जलरोधक पिशवीत भरावे आणि ती पिशवी सर्वांत वर बांधावी. तिच्यात कोरड्या कपड्यांचे दोन जोड, पंचा, रबरी चप्पल, नेहमीच्या औषधांचा निदान तीन दिवसांचा साठा, पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी, थोडे चिमटे, पॉवर बँक आणि सुट्ट्या नोटांत दोन-तीन हजार रुपये असावेत. वीज गेली आणि मोबाइलचे टॉवर बंद पडले की यूपीआय चालत नाही, आणि कोकणात जोरदार पावसात या दोन्ही गोष्टी बहुधा एकदमच घडतात.

गाडीसाठी क्लच आणि अॅक्सिलरेटरची केबल, स्पार्क प्लग, फ्यूज, चेन लॉक (तुटलेली चेन जोडणारी कडी), पंक्चरचे साहित्य आणि हातपंप एवढे पुरते. जास्तीची क्लच केबल पिशवीत ठेवण्यापेक्षा चालू केबलच्या बाजूने, त्याच वळणाने गाडीवरच बांधून ठेवावी. जुनी तुटल्यावर दोन टोके जोडली की काम होते. गाडीच्या चाकांना ट्यूब असेल तर पुढच्या आणि मागच्या मापाची एकेक ट्यूब सोबत हवीच, कारण ट्यूबलेसच्या पट्ट्या तिथे कामाच्या नाहीत.

*तपासणी :* आपल्या गाडीचे पार्ट कुठे मिळतात हे निघण्यापूर्वी माहीत हवे. शंभर ते दीडशे सीसीच्या रोजच्या वापरातल्या गाड्यांचे पार्ट बहुतेक तालुक्याच्या गावी मिळतात. साडेतीनशे सीसीच्या गाड्यांसाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. त्याहून मोठ्या किंवा आयात केलेल्या गाडीचा पार्ट कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा पणजीहूनच येणार असे धरून चालावे.

टप्पा २ : थांबण्याचा निर्णय, दुपारी चार वाजता

जुलैत कोकणात सूर्य सातनंतर मावळत असला तरी ढग आणि डोंगराची सावली यांमुळे घाटात सहालाच अंधारून येते. म्हणून रोज दुपारी चार वाजता गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटे विचार करण्याची सवय लावून घ्यावी : पुढचा घाट उजेडात पार होईल का, गाडीत नेहमीपेक्षा वेगळा आवाज किंवा वास येतो आहे का, आणि हात-पाय गारठून ब्रेक दाबायला उशीर होतो आहे का. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मनासारखे नसेल तर मुक्काम ठरला असे समजावे. साडेसहाला, अंधारात आणि भिजलेल्या अवस्थेत घेतलेला निर्णय क्वचितच चांगला निघतो.

रस्त्याच्या स्थितीबद्दल केवळ मोबाइलच्या नकाशावर भिस्त ठेवू नये. दरड कोसळल्याची नोंद तिथे उशिरा येते आणि रस्ता मोकळा झाल्याची नोंद त्याहून उशिरा. समोरून येणारे एसटीचे आणि ट्रकचे चालक, एसटी स्टँडवरील नियंत्रण कक्ष आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक यांच्याकडून मिळणारी माहिती अधिक ताजी असते. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अडथळा आला तर १०३३ आणि कोणत्याही तातडीच्या प्रसंगी ११२ लावावा. हवामान विभागाचा तात्कालिक अंदाज पुढच्या तीन तासांपुरता असतो, त्यामुळे सकाळी पाहिलेल्या अंदाजावर संध्याकाळचा घाट चढू नये.

एक घाट बंद झाला म्हणून लगेच दुसऱ्याकडे धावणे ही नेहमीची चूक आहे. आंबा घाट बंद असला की कोणी कुंभार्लीकडे, कोणी अणुस्कुऱ्याकडे, कोणी फोंडा किंवा करूळ घाटाकडे गाडी वळवतो. पण ज्या पावसाने एक घाट बंद केला तोच पाऊस शेजारच्या घाटातही पडत असतो. बरेच अंतर कापून तिथेही रस्ता बंद मिळाला, तर हातात ना उजेड उरतो ना अंगात ताकद.

थांबायचे ते तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावी, जिथे एसटी स्टँड, गॅरेज, दवाखाना आणि लॉज या चारही गोष्टी आहेत. घाटाच्या पायथ्याशी साखरप्यात रस्ता उघडण्याची वाट पाहत रात्र काढण्यापेक्षा मागे फिरून देवरुख गाठलेले बरे. मागे फिरणे अनेकांना कमीपणाचे वाटते. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली ती सर्वांत शहाणपणाची कृती असते.

*सावधान :* पुलावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ दिसले तरी गाडी घालू नये. पाण्याखाली पूल शाबूत आहे की नाही हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला, तेव्हा अंधारात येणाऱ्या वाहनांना समोर पूल नाही हे दिसलेच नाही आणि दोन एसटी बसही नदीत गेल्या.

टप्पा ३ : पहिला तास गाडीला द्यावा

गावात शिरल्यावर खोलीच्या आधी गॅरेज. कारण साधे आहे : लॉज रात्री नऊलाही उघडे असते, पण स्पेअर पार्टची दुकाने सात-साडेसातला बंद होतात. शिवाय कोकणातल्या अनेक बाजारपेठा दुपारी एक ते चार बंद असतात आणि बरीच गॅरेजे रविवारी उघडत नाहीत. गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत तर मेकॅनिक स्वतःच्या घरी किंवा गावी असतो, तेव्हा फोन करून विचारल्याशिवाय कोणत्याही गॅरेजकडे गाडी ढकलत नेऊ नये.

मेकॅनिककडे पोचल्यावर तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. बिघाड नेमका कशात आहे? त्याचा पार्ट गावात आहे का? नसेल तर आज रात्री कोणत्या गाडीने येऊ शकतो? तिसऱ्या प्रश्नावरच सगळे अवलंबून असते. कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच्या दुकानात संध्याकाळी सहापर्यंत फोन गेला, पैसे पाठवले आणि दुकानदाराने पार्ट रात्रीच्या एसटीने किंवा खासगी ट्रॅव्हल्सने पार्सल करून दिला, तर घाट चालू असल्यास तो सकाळी हाती पडतो. हाच फोन दुसऱ्या दिवशी दहाला केला तर आणखी एक रात्र गेली म्हणून समजावे. दुकानदाराला गाडीचे मॉडेल, वर्ष आणि जुन्या पार्टचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो पाठवावा. "अमुक गाडीची केबल" एवढेच सांगितल्यास चुकीच्या लांबीची केबल येण्याची शक्यता मोठी.

वरवर ठीक चालणारी गाडीही याच वेळी पाहून घ्यावी. क्लच केबल अचानक तुटल्यासारखी वाटते, पण ती आधी बरेच दिवस सुचवत असते. हँडलवरच्या लिव्हरजवळचे रबर मागे सारून टॉर्चच्या उजेडात पाहिले तर पिळाच्या तारेतले एकदोन धागे सुटून बाहेर आलेले दिसतात, बोट फिरवले तर ते टोचतात, आणि क्लच दाबताना मध्येच बारीक अडखळल्यासारखे जाणवते. एवढे दिसल्यावर त्या केबलवर दुसऱ्या दिवशी घाट चढायला जाऊ नये.

*सावधान :* गाडी पाण्यात बंद पडली असेल किंवा सीटपर्यंत बुडाली असेल तर स्टार्टर दाबू नये, किकही मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि शेकड्यांचे काम हजारांवर जाते. आधी एअर फिल्टरची पेटी उघडून फिल्टर हाताला ओला लागतो का ते पाहावे. ओला असेल तर प्लग काढून, इंजिन फिरवून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढण्याचे काम मेकॅनिकवर सोपवावे. इंजिन ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. ते बदलल्याशिवाय गाडी चालू करू नये. विम्यासाठी गाडी हलवण्यापूर्वीच फोटो काढून ठेवावेत. केवळ थर्ड पार्टी विम्यात अशा नुकसानीची भरपाई मिळत नाही आणि बुडालेले इंजिन चालू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान कंपन्या बहुधा नाकारतात, हेही ध्यानात असू द्यावे.

टप्पा ४ : खोली आणि गाडी उभी करण्याची जागा

खोली पाहताना भाड्याच्या आधी गाडी कुठे लावायची ते पाहावे. जागा कुलूपबंद आवारात असावी, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती उंचावर असावी. चिपळूण, महाड, खेड, संगमेश्वर, राजापूर या गावांच्या बाजारपेठा नदीकाठी आहेत. राजापुरात जवाहर चौकापर्यंत पुराचे पाणी येणे हे तिथल्या लोकांच्या सवयीचे आहे, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा इमारतींच्या तळमजल्यावरची वाहने जिथे होती तिथेच बुडाली. म्हणून मालकाला सरळ विचारावे : "गेल्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" उत्तर देताना तो भिंतीवरची खूण दाखवतो. गाडी त्या खुणेच्या वर राहील अशी जागा नसेल तर दुसरे लॉज पाहावे.

तांबड्या मातीत साइड स्टँड रात्रभरात रुतून गाडी आडवी होते. स्टँडखाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि मेन स्टँड असेल तर तोच लावावा. नारळाच्या झाडाखाली गाडी कधीही उभी करू नये. सायलेन्सर थंड होण्यापूर्वी प्लॅस्टिक टाकले तर ते वितळून चिकटते, म्हणून गाडी झाकण्याचे काम जेवणानंतर करावे.

खोलीत पंखा चालतो का, वीज गेल्यास काय सोय आहे आणि गरम पाणी कोणत्या वेळेत मिळते, एवढे विचारावे. पैसे एकाच रात्रीचे द्यावेत, मात्र मुक्काम वाढण्याची शक्यता आधीच सांगून ठेवावी. मग दुसऱ्या दिवशी खोली दुसऱ्याला दिली जात नाही. दोघे असाल तर दोघांचीही मूळ ओळखपत्रे लागतात. समुद्राकाठची अनेक घरगुती निवासस्थाने पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे ऐन संध्याकाळी किनाऱ्याकडे वळण्यापेक्षा महामार्गावरच्या गावी, एसटी स्टँडच्या आसपास चौकशी करावी.

टप्पा ५ : वाळवण, आणि पायांची काळजी

या टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पावसाळी हवेत ओले जॅकेट एका रात्रीत आपोआप वाळत नाही. प्रथम खांदे, कोपरे आणि पाठीतले पॅड काढून वेगळे उभे करावेत, कारण पाणी त्यांच्या मागेच साचते. आतले अस्तर सुटे होत असेल तर सोडवावे. मग जॅकेट जमिनीवर पसरलेल्या पंचात गुंडाळून, गुडघ्याने दाबत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावे; पंचा पिळला की किती पाणी निघते ते पाहून आश्चर्य वाटेल. त्यानंतर पंख्याखाली दोरी बांधून जॅकेट उलटे, म्हणजे अस्तर बाहेर करून, बाह्या खाली सुटतील असे टांगावे. मध्यरात्री एकदा उठून ते सुलटे केले तर सकाळी अंगात घालण्याजोगे होते.

बुटांचे तळवे बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि दर दोन तासांनी ते बदलावेत. लॉजवाले रद्दी आनंदाने देतात. बूट किंवा हातमोजे चुलीजवळ अथवा हीटरसमोर ठेवू नयेत. चामडे कडक होते, चिकटवलेला तळ सुटतो. हेल्मेटच्या आतले कापड निघत असेल तर साध्या पाण्याने धुऊन पिळून टाकावे, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या वासाने डोके दुखते.

पुराच्या किंवा रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून पायी चालावे लागले असेल तर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि जखम, खरचटणे, बोटांमधल्या भेगा नीट तपासाव्यात. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात आणि त्याचे जंतू अशाच पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरतात. जखम असेल तर गावातल्या सरकारी दवाखान्यात दाखवून प्रतिबंधक गोळी घ्यावी का हे डॉक्टरांना विचारावे. या आजाराचा ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो. म्हणून घरी परतल्यावर ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे किंवा डोळ्यांत लाली दिसली तर आपण पुराच्या पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

टप्पा ६ : निरोप

घरच्यांना एकच सविस्तर निरोप पाठवावा : गावाचे नाव, लॉजचे नाव आणि फोन क्रमांक, गाडीची स्थिती, आणि पुढचा निरोप किती वाजता येईल ती वेळ. नेटवर्क जाणार हे गृहीत धरून लॉजचा क्रमांक द्यावाच. पुढे आरक्षित केलेली खोलीही त्याच वेळी रद्द करावी किंवा पुढे ढकलून घ्यावी. सकाळपर्यंत थांबले की पैसे परत मिळणे अवघड होते.

टप्पा ७ : दुसरा दिवस

सकाळी गॅरेज उघडण्याच्या वेळी तिथे हजर राहावे, पार्ट ताब्यात घेऊन तो बरोबर आहे याची खात्री करावी आणि काम कधी होईल ते विचारून निघावे. मेकॅनिकच्या डोक्यावर बसून काम लवकर होत नाही. आता मिळालेला वेळ गावासाठी वापरायचा, आणि तो मोटारसायकलशिवाय. अर्धवट दुरुस्त गाडी घेऊन "जवळच तर आहे" म्हणत धबधबा पाहायला जाणे हे मुक्काम लांबण्याचे एक हमखास कारण आहे. एसटी आणि रिक्षा पुरेशा असतात. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ मात्र स्टँडवर विचारूनच बसावे.

महामार्गावरच्या ज्या गावांना आपण एरवी पंपापुरते ओळखतो तिथे पाहण्यासारखे फार आहे. संगमेश्वरजवळ कसब्याचे कर्णेश्वर मंदिर आहे. त्याच्या दगडी छताखाली पावसाचा एक तास सहज जातो. महाडला १९२७ च्या सत्याग्रहाचे चवदार तळे गावातच आहे आणि गांधारपाले लेणी महामार्गालगत. राजापूरला धूतपापेश्वराचे मंदिर, कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय, सावंतवाडीत मोती तलाव, राजवाड्यातली गंजिफा (हाताने रंगवलेले खेळण्याचे पत्ते) आणि लाकडी खेळण्यांची दुकाने. राजापूर आणि रत्नागिरी तालुक्यांतली कातळशिल्पे पाहण्याची इच्छा असेल तर स्थानिक माणसाला सोबत घ्यावे, कारण पावसात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गवत वाढते, वाट सापडत नाही आणि ओला कातळ निसरडा असतो.

जेवणाबद्दल एवढेच की पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून त्या दिवसांत ताज्या सुरमईचा आग्रह धरू नये. खाणावळीत त्या दिवशी काय केले आहे ते विचारावे. टाकळ्याची किंवा फोडशीची भाजी, कुळथाची पिठी आणि गरम भात मिळाला तर ते पावसाळ्यातले खरे कोकणी जेवण.

टप्पा ८ : निघावे, थांबावे की गाडी पाठवून द्यावी

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चार वाजता निर्णय घ्यावा. गाडी तयार आणि रस्ता उघडा असला तरी त्या वेळी न निघता दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघावे. पार्ट येण्याची नक्की तारीख कोणी सांगत नसेल तर तिसऱ्या रात्रीची वाट पाहू नये. अशा वेळी एक मार्ग म्हणजे गाडी गॅरेजमध्ये ठेवून, किलोमीटरचा आकडा आणि गाडीची स्थिती दाखवणारे फोटो काढून, कोकण रेल्वेने किंवा एसटीने घरी जाणे. दुसरा मार्ग छोट्या टेम्पोतून गाडी नेणे. टेम्पोत गाडी साइड स्टँडवर नव्हे, सरळ उभी बांधावी. पुढचे चाक टेम्पोच्या पुढच्या फळीला टेकवून, हँडलखालच्या क्लॅम्पपासून दोन्ही बाजूंना दोर ओढून पुढचे शॉकअॅब्सॉर्बर अर्धे दबतील इतका ताण द्यावा आणि दोर घासतो तिथे चिंध्या लावाव्यात. रेल्वेने गाडी पार्सल करायची असल्यास टाकी रिकामी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, पॅकिंग करून द्यावे लागते; आणि लहान स्थानकांवर गाड्या जेमतेम थांबतात, त्यामुळे आधी रत्नागिरीसारख्या मोठ्या स्थानकाच्या पार्सल कार्यालयात चौकशी करावी.

टप्पा ९ : निघण्याच्या सकाळची तपासणी

पेट्रोल आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलेले असावे. सकाळी टायर थंड असताना हवा तपासावी. प्रमाण गाडीवरच्या स्टिकरनुसार ठेवावे, पावसात पकड वाढते म्हणून हवा कमी करू नये. चेनवरचा चिखल रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने काढून, पुसून, मग तेल लावावे. ती किती ढिली असावी ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक गाड्यांना वीस ते तीस मिलिमीटर खेळ चालतो. दोन्ही ब्रेक, हॉर्न, हेडलाइट, मागचा दिवा आणि इंडिकेटर लॉजच्या आवारातच पाहावेत.

*सावधान :* रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक पहिल्या एकदोन वेळा नीट धरत नाहीत. सपाट रस्त्यावर हळू चालवत, ब्रेक हलके दाबून ते कोरडे करून घ्यावेत आणि मगच उताराला लागावे.

दुरुस्ती झालेल्या गाडीवर पहिले दहा किलोमीटर घाटाच्या विरुद्ध दिशेने का होईना, पण गावाच्या टप्प्यातच काढावेत. मग थांबून, उघडलेला प्रत्येक नट-बोल्ट हाताने तपासावा, इंजिनखाली तेलाचा थेंब आहे का ते पाहावे, मागच्या चाकाचा नट आणि चेनचा ताण पुन्हा बघावा. काही ढिले सापडले तर गॅरेज अजून हाकेच्या अंतरावर असते, आणि ज्याने काम केले त्याच माणसाकडून ते तिथल्या तिथे घट्ट करून घेता येते.